आंब्याची साल, गोबरगॅस आणि तापणारी पृथ्वी

१ एप्रिल २०२६ पासून देशभर घनकचऱ्याचे नवे नियम लागू झाले. २०१६ च्या नियमांत घरच्या कचऱ्याचे तीन भाग होते, आता चार झाले: ओला, सुका, सॅनिटरी (पॅड, डायपर) आणि ‘विशेष काळजीचा’, म्हणजे जुने बल्ब, मुदत संपलेली औषधं, रंगाचे डबे असलं सामान. आमच्या सोसायटीच्या बैठकीत मी हे वाचून दाखवत होते आणि जाता जाता म्हणून गेले, की हे हवामानासाठीही चांगलं आहे. तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका काकांनी विचारलं, “डबे चार केले की जिना स्वच्छ राहील, हे मला पटतं. पण त्यात हवामान कुठून आलं? आंब्याची साल कुठेही टाका, कुजणारच. आमच्या गावी झाडाखाली कुजते, इथे डेपोत कुजेल. त्याने पृथ्वी कशी काय तापते?”

मला त्या वेळी नीट उत्तर देता आलं नाही. प्रश्न अगदी रास्त होता, आणि मला वाटतं तो पुष्कळांच्या मनात असतो. पुढे वाचत, विचारत आणि आमच्या खताच्या टाकीत हात घालत जे उमगलं, ते इथे मांडते.

सालीतला कार्बन येतो कुठून?

काकांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. आंब्याच्या झाडाने हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतला, त्यातला कार्बन ठेवून साल, गर आणि कोय बनवली. साल झाडाखाली पडून कुजली की तोच कार्बन परत हवेत जातो. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणावी आणि आठ दिवसांनी वाटीभर परत करावी, तसा हा व्यवहार आहे. हवेत नवी भर पडत नाही. पेट्रोलचं तसं नाही. त्यातला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीखाली बंद होता. तो जाळला की हवेत खरोखरची भर पडते.

मग साल कुजण्यात अडचण कसली? अडचण कुजण्यात नाहीच. साल कुठे कुजते आणि तिला हवा मिळते की नाही, यावर सगळं ठरतं.

झाकण नसलेला गोबरगॅस

कुजणं म्हणजे सूक्ष्म जिवांचं जेवण. त्यांच्या दोन जाती समजून घेतल्या की पुढचं सगळं सोपं होतं. एका जातीला जेवताना आपल्यासारखाच ऑक्सिजन लागतो. झाडाखालच्या पाचोळ्यात हे जीव असतात. ते साल खातात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. दुसऱ्या जातीचं जगच बिनहवेचं. हवा लागली की ते मरतात किंवा थंडावतात. तळ्याच्या गाळात, गाईच्या पोटात आणि पाणी भरलेल्या भातखाचरात ते राहतात. त्यांनी खाल्लं की मिथेन निघतो.

हा मिथेन आपल्याला अनोळखी नाही. गावाकडच्या गोबरगॅसच्या टाकीत हेच घडतं. शेण आणि पाणी कालवून बंद टाकीत सोडायचं, हवा लागू द्यायची नाही, आणि वर जमणारा वायू नळीने चुलीपर्यंत न्यायचा. निळी ज्योत देणारा तो वायू मुख्यतः मिथेनच.

आता कचरा डेपो डोळ्यांसमोर आणा. रोज शेकडो गाड्या रिकाम्या होतात. वर बुलडोझर फिरतो, त्यावर दुसऱ्या दिवसाचा थर पडतो. ओला कचरा मधे मधे प्लास्टिकच्या पिशव्यांत गाठ मारून बंद असतो. काही फुटांखाली हवेला शिरायला जागाच उरत नाही. म्हणजे आपण शहराबाहेर एक अवाढव्य गोबरगॅस बांधतो, फक्त वरची टोपी आणि चुलीची नळी तेवढी बसवत नाही. वायू सरळ आभाळात जातो.

गेला नाही तर पेटतो. मुंबईचा देवनार डेपो १९२७ पासून चालू आहे. जानेवारी २०१६ मध्ये तो पेटला तेव्हा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. अशा आगी वरून पाणी मारून सहजी विझत नाहीत, कारण आत खोलवर वायू साठलेला असतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शास्त्रज्ञांनी उपग्रहांच्या मदतीने ब्यूनस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि मुंबई इथल्या डेपोंतून निघणारा मिथेन मोजला. मुंबईतल्या एका डेपोतून तासाला जवळपास १० टन मिथेन बाहेर पडत होता. डोळ्यांना न दिसणारी ही गोष्ट आता अवकाशातून दिसते.

वाकळ आणि चादर

मिथेनची एवढी काळजी का करायची? पृथ्वीभोवतीचे उष्णता धरून ठेवणारे वायू अंगावरच्या पांघरुणासारखे असतात. कार्बन डायऑक्साइड ही पातळ चादर आहे, पण ती शेकडो वर्षं अंगावरून हलत नाही. मिथेन म्हणजे जाडजूड वाकळ. ती साधारण १२ वर्षांत विरते, पण असते तोवर घामाच्या धारा लावते. तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडशी तुलना केली, तर १०० वर्षांच्या हिशेबात मिथेन सुमारे २८ पट तापवतो आणि २० वर्षांच्या हिशेबात ८० पटींहून जास्त.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. वाटीभर साखर उसनी आणली होती आणि परत करताना तीच साखर जाळून तिचा धूर शेजारणीच्या घरात सोडला, असं काहीसं डेपोत होतं. कार्बन तोच, पण परत जाताना त्याचं रूप बदललेलं असतं.

वाकळ लवकर विरते, यातच मला आशा दिसते. आज डेपोत ओला कचरा जाणं थांबलं, तर त्याचा परिणाम आपल्याच हयातीत जाणवू शकतो. चादरीच्या बाबतीत असं म्हणता येत नाही.

एका घराचा हिशेब

आकड्यांशिवाय हे नुसतं बोलणं होईल, म्हणून हिशेब मांडते. चौघांच्या घरातून रोज ८०० ग्रॅम ओला कचरा निघतो असं धरू. (तुमच्या घरचा आठवडाभर वजनकाट्यावर तोलून बघा. मी बघितला, आंब्याच्या दिवसांत आकडा बराच वर गेला.) वर्षाचे झाले सुमारे २९० किलो.

आयपीसीसी, म्हणजे हवामानबदलाचा अभ्यास करणारी संयुक्त राष्ट्रांची समिती. देशांनी आपापला हिशेब कसा मांडावा, याची सूत्रं तिने दिली आहेत. त्यांनुसार उघड्या, खोल डेपोत गेलेल्या १ टन अन्नकचऱ्यातून काही वर्षांच्या काळात साधारण ४० किलो मिथेन निघतो. म्हणजे आपल्या एका घरामागे सुमारे १२ किलो. त्याला २८ ने गुणलं की ३३० किलो कार्बन डायऑक्साइडइतका ताप झाला. १ लिटर पेट्रोल जाळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे घरातला एका वर्षाचा ओला कचरा जवळपास १४० लिटर पेट्रोलच्या बरोबरीचा. लिटरला ४५ किलोमीटर देणारी दुचाकी तेवढ्यात ६,३०० किलोमीटर जाईल. पुण्याहून नागपूर गाठायचं आणि परत यायचं, असं चार वेळा करूनही पेट्रोल उरेल.

पन्नास घरांच्या सोसायटीचं झालं वर्षाला ७,००० लिटर. आणि एवढा ताप वाचवायला कोणाला गाडी विकावी लागत नाही की पंखा बंद ठेवावा लागत नाही. ओल्या कचऱ्याचं खत करायला मागच्या अंगणात दोन टाक्या लागतात आणि रोज त्यांच्याकडे बघणारं एक माणूस.

“खत करतानाही वायू निघतोच ना?”

निघतो. हा आक्षेप अभ्यासू माणसं घेतात आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. खताच्या ढिगात अधूनमधून हवा न पोचलेले कोपरे राहतात, तिथे थोडा मिथेन होतो. थोडा नायट्रस ऑक्साइडही होतो, तोही उष्णता धरणारा वायू आहे. पण आयपीसीसीच्याच सूत्रांनुसार खत करताना टनामागे मिथेन निघतो सुमारे ४ किलो. डेपोतल्या ४० च्या तुलनेत दहावा हिस्सा. नायट्रस ऑक्साइड धरला तरी एकूण ताप डेपोच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतकाच भरतो.

जागा आणि सोय असेल तर छोटा बायोगॅस त्याहूनही चांगला, कारण तिथे मिथेन मुद्दाम तयार करून जाळून टाकला जातो आणि वर तेवढा सिलिंडर वाचतो. महाराष्ट्रात यावर मोलाचं काम झालं आहे. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने शेणाऐवजी स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर चालणारं छोटं संयंत्र तयार केलं, त्याला २००६ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ हे मोठ्या प्रमाणावरचं तंत्र विकसित केलं.

“जाळून टाकला तर?”

ओल्या कचऱ्यात वजनाच्या पाऊण हिश्श्याच्या आसपास पाणीच असतं. तो जाळणं म्हणजे आधी पाणी उकळवणं. प्लास्टिकसकट जाळला तर विषारी धूर आपल्याच मुलांच्या छातीत जातो. इथे जास्त काही सांगण्याची गरज नाही.

“वास येतो, चिलटं होतात, उंदीर येतात”

बहुतेक सोसायट्यांचे प्रयोग याच कारणाने बंद पडतात. आमचाही पडत होता, म्हणून इथे जरा थांबते.

पहिल्या महिन्यात आमच्या टाकीला असा वास सुटला, की तळमजल्यावरच्या घरांना खिडक्या उघडता येईनात. बैठकीत टाकी बुजवण्याचा ठराव येणार होता. त्याच सुमारास झाडलोट करणाऱ्या मावशींनी सहज विचारलं, “ताई, यात पाला का नाही टाकत? गावाकडं उकिरड्यात आधी पाचोळा, मग शेण.” पाचोळा कुठून आणायचा, असा मला प्रश्न पडला. आणि तो रोज सकाळी फाटकाजवळच्या कोपऱ्यात ढीग करून जाळला जात होता! खताला जी वस्तू कमी पडत होती, तिचाच आम्ही धूर करत होतो.

त्यामागचं शास्त्र असं आहे. सूक्ष्म जिवांना जेवणात कार्बन आणि नायट्रोजन दोन्ही लागतात, साधारण २५ ते ३० भाग कार्बनला १ भाग नायट्रोजन. भाजीची देठं, उरलेलं अन्न, चहाचा चोथा यांत नायट्रोजन आणि पाणी भरपूर, कार्बन त्या मानाने थोडा. नुसता ओला कचरा टाकला की जास्तीचा नायट्रोजन अमोनिया होऊन उडतो, तो नाकाला झोंबतो. पाण्याने कचऱ्यातल्या फटी बुजतात, हवा कोंडते, बिनहवेची मंडळी जागी होतात आणि मग सडक्या अंड्यासारखा वास येतो. म्हणजे वास हा निरोप आहे: आत हवा पोचत नाहीये. पाचोळ्याने तिन्ही कामं एकदम होतात. कार्बन मिळतो, पाणी शोषलं जातं आणि फटी मोकळ्या राहतात.

माप सोपं आहे. एक घमेलं ओला कचरा तर एक ते दीड घमेलं पाचोळा. वजन करायचं नाही, घमेल्यानेच मोजायचं. वरचा थर कायम पाचोळ्याचा हवा, कारण चिलटं उघड्या फळसालीवर अंडी घालतात आणि साल झाकली गेली की त्यांचं येणं थांबतं. आठवड्यातून दोनदा फावड्याने वरखाली करायचं. मूठभर मिश्रण हातात घट्ट दाबायचं. बोटांतून एखाद-दुसरा थेंब निघाला तर ओल ठीक, पाणी गळलं तर पाचोळा वाढवायचा, काहीच निघालं नाही तर थोडं पाणी शिंपडायचं. सुरुवातीला विरजण म्हणून जुनं खत किंवा आंबट ताक चालतं. टाकीला बारीक जाळी असली की उंदीर आत शिरत नाहीत. मोठ्या पांढुरक्या, मग तपकिरी होत जाणाऱ्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका. त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात, कचरा भराभर संपवतात आणि माणसाला काही करत नाहीत. त्यांची संख्या फार वाढली तर ओल जास्त झाली आहे असं समजा.

आमच्या टाकीचा वास आठ-दहा दिवसांत गेला. शंभर किलो कचऱ्यातून पंधरा-वीस किलो खत निघतं, बाकीचं बहुतेक पाणी असतं ते उडून जातं. कचऱ्याचा डोंगर खरं तर पाण्याचा डोंगर असतो, आणि आपण तो डिझेल जाळून वीस-पंचवीस किलोमीटर वाहून नेतो.

“आम्ही वेगळा करतो, गाडीत सगळं एकत्रच होतं”

हे अनेक ठिकाणी खरं आहे आणि त्याचा राग येणं साहजिक आहे. पण ओला कचरा आवारातच जिरला तर गाडीत काय होतं, हा प्रश्नच अर्धा सुटतो. डब्यात मागे राहतो तो कोरडा सुका कचरा, आणि त्याला भाव असतो.

पुण्याचं उदाहरण मी नेहमी देते. १९९३ मध्ये इथे कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. त्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था झाली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून ती दारोदार कचरा गोळा करू लागली. तिच्या साडेतीन हजारांहून अधिक सभासदांत बहुसंख्य बाया आहेत. रोज दारात येणाऱ्या ताई सुका कचरा हाताने निवडतात आणि तो विकून त्यांची कमाई होते. आमटीत भिजलेला पुठ्ठा आणि दह्याने माखलेली पिशवी यांना भाव येत नाही. आपण सगळं एकत्र केलं की पुठ्ठा वाया जातो, त्यांचे हात घाणीत जातात आणि कमाई बुडते, तिन्ही एकदम. पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्या, अशी मोहीम ‘स्वच्छ’ने चालवली, ती याच हातांसाठी. नवे नियम आज जे सांगतात, ते या बाया कितीतरी आधी सांगत होत्या.

आणि कचरा एकत्र होऊन जातो कुठे? पुण्याचा कितीतरी वर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीला गेला. तिथल्या विहिरींचं पाणी खराब झालं, गावकऱ्यांनी पुन्हा पुन्हा गाड्या अडवल्या. आपल्या सालींचा वास दुसऱ्याच्या अंगणात येत होता, म्हणून आपल्याला तो कळला नाही.

गाव छोटं असेल तर हे आणखी सोपं जातं. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याला २०१५ पासून मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात घरोघरी कचरा वेगळा घ्यायला सुरुवात झाली. ओल्या कचऱ्याचा बायोगॅस केला, प्लास्टिक बारीक करून रस्त्याच्या डांबरात वापरलं, आणि डम्पिंग ग्राउंडची जागा अशी झाली की लोक ती बघायला येऊ लागले. तिथे झाडं उभी राहिली.

“आधी मोठ्या प्रदूषकांना सांगा”

सांगायलाच हवं. भारताने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या हिशेबानुसार २०२० मध्ये देशाच्या एकूण उत्सर्जनात, म्हणजे हवेत सोडलेल्या उष्णता धरणाऱ्या वायूंत, ऊर्जेचा वाटा ७५.६६ टक्के होता आणि कचऱ्याचा, त्यात सांडपाणीही आलं, २.५६ टक्के. खताची टाकी केली म्हणून कोळशाचा प्रश्न सुटणार नाही, आणि कोणी तसं सांगत असेल तर ते खरं नाही.

तरीही मी टाकीच्या बाजूने आहे. कोळशाचं वीजकेंद्र माझ्या हातात नाही, टाकी आहे. शिवाय डेपोशेजारी राहणाऱ्याला टक्केवारीचा उपयोग नाही, त्याला श्वास घ्यायचा असतो. सवलतीचा मुद्दाही आहे. गांडूळ खत, सौरऊर्जा, पावसाचं पाणी जिरवणं यांपैकी एक काम करणाऱ्यांना पुणे महापालिकेने मिळकतकरात ५ टक्के आणि दोन करणाऱ्यांना १० टक्के सवलत देण्याची पद्धत पाडली. तुमच्या गावी काय आहे ते कर भरण्याआधी विचारा. रोज १०० किलो किंवा अधिक कचरा होणाऱ्या संकुलांवर तर नियमांनीच जास्त जबाबदारी टाकली आहे.

कचरा होण्याआधी

एवढं सगळं सांगून झाल्यावर एक कबूल करायला हवं: उरलेल्या भाताचं उत्तम खत करण्यापेक्षा भात न उरणं कितीतरी चांगलं. तो तांदूळ पिकवताना खाचरातून मिथेन निघालेला असतो, खत-पाणी लागलेलं असतं, ट्रकने तो आलेला असतो, गॅसवर शिजलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घरांमधून. नासाडी झालेल्या अन्नापायी होणारं उत्सर्जन जगाच्या एकूण उत्सर्जनाच्या ८ ते १० टक्के भरतं. फोडणीचा भात, शिळ्या पोळीचा कुस्करा, दुधी-दोडक्याच्या सालींची चटणी करणाऱ्या आपल्या आज्यांनी ‘उत्सर्जन’ हा शब्द ऐकला नव्हता, पण काम हेच केलं.

पाचोळ्याची पोती

आमच्याकडे आलेले लोक टाकी बघतात, खत हुंगून बघतात आणि विचारतात, “कधी सुरू करू?” माझं उत्तर असतं, पाचोळा गळायला लागला की. पानं गळतात ती माघ-फाल्गुनापासून चैत्रापर्यंत. पावसाळ्यात कोरडं पान औषधालाही मिळत नाही, आणि नेमकी तेव्हाच टाकीला त्याची सगळ्यात जास्त गरज असते. पहिल्या वर्षी आम्ही हे ओळखलं नाही आणि जुलैत सुताराकडून भुसा मागून आणावा लागला. आता होळीच्या आसपास मुलं पोती घेऊन खाली उतरतात. यंदा चौदा पोती भरली, जिन्याखाली रचून ठेवली आहेत, आणि फाटकाजवळच्या कोपऱ्यात धूर नाही.